‘कॉटन’ला मराठीत काय म्हणायचे? कापूस, रुई, सरकी, सूत: नेमका शब्द निवडण्याची रीत

इंग्रजीत शेतात उभे असते ते कॉटन, बोंडातून वेचतात तेही कॉटन. सरकी काढून गाठीत बांधले तरी कॉटन, सुईत ओवले तरी कॉटन आणि अंगात घातले तरी कॉटनच. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. तरीही अनुवाद करताना, बातमी लिहिताना किंवा माहितीपत्रक तयार करताना सगळीकडे सरसकट ‘कापूस’ लिहिला जातो. किंवा त्याहून वाईट म्हणजे कुठे कापूस, कुठे रुई, कुठे कपास असे मनाला येईल तसे शब्द पडतात.

यात नुसते कानाला खटकण्याचा प्रश्न नाही. बीजप्रक्रियेच्या एका माहितीपत्रकाचे मुद्रित माझ्याकडे तपासायला आले होते. वरच्या परिच्छेदात लिहिले होते, ‘सरकीला बुरशीनाशक चोळा.’ खाली पशुखाद्याच्या चौकटीत होते, ‘सरकी जनावरांना द्या.’ मूळ इंग्रजीत दोन्हीकडे ‘कॉटन सीड’च होते. वर पेरायचे बियाणे होते आणि खाली खाद्य म्हणून वापरायची सरकी. एकच शब्द दोनदा आल्यामुळे औषध लावलेले बी गव्हाणीत जाऊ शकले असते. मी वरच्या ओळीत ‘कपाशीचे बियाणे’ केले आणि ‘औषध लावलेले बियाणे जनावरांना खायला घालू नका’ ही मूळातली पण अनुवादात गळलेली ओळ परत घातली. तेव्हापासून ‘कॉटन’ असलेला कोणताही मजकूर मी पुढच्या क्रमाने हाताळते. क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा केला की काम दुप्पट होते.

तयारी: लिहायला बसण्याआधी

मजकूर एकदा शेवटपर्यंत वाचा. पहिल्या ओळीतले ‘कॉटन’ काय आहे ते पुष्कळदा सहाव्या परिच्छेदातल्या तक्त्यावरून कळते.

मग ‘कॉटन’ जिथे जिथे आले आहे त्या प्रत्येक जागी खूण करा. शेजारच्या कागदावर तीन गोष्टी टिपा: आधीचा आणि नंतरचा शब्द, जवळचे क्रियापद, आणि आकडा असेल तर त्याचे एकक. पाच-सहा पानांच्या मजकुराला फार वेळ लागत नाही आणि पुढची निम्मी कोडी इथेच सुटतात.

वाचक कोण आहे तेही वर लिहून ठेवा. शेतकरी, जिनिंगमधला (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातला) व्यापारी, कपडे विकत घेणारे गिऱ्हाईक, रुग्ण, विद्यार्थी. त्याच वस्तूला व्यापारी ‘रुई’ म्हणेल आणि घरात वाती वळणारी आजी ‘कापूस’ म्हणेल. दोघेही बरोबर आहेत.

सावधान: ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून सगळ्या ‘कॉटन’चा एका फटक्यात ‘कापूस’ करू नका. लिंग बदलते, सामान्यरूप बिघडते आणि विशेषनामेही भाषांतरित होऊन बसतात.

पायरी १: विशेषनामे आधी बाजूला काढा

कॉटन हे इंग्रजांचे आडनावही आहे. गोदावरीवर धवळेश्वरमला धरण बांधणारे अभियंता सर आर्थर कॉटन. १९०४ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष असलेले सर हेन्री कॉटन. गुवाहाटीचे कॉटन विद्यापीठ याच हेन्री कॉटन यांच्या नावाचे आहे, १९०१ साली ते कॉटन कॉलेज म्हणून सुरू झाले. कापसाच्या संशोधनाशी त्या नावाचा काही संबंध नाही. तरी ‘गुवाहाटीचे कापूस विद्यापीठ’ असे यांत्रिक भाषांतरातून सहज बाहेर पडते आणि वाचणाऱ्याला ते कृषी विद्यापीठ वाटते.

मुंबईतले कॉटन ग्रीन स्थानक कापसाच्या बाजारामुळेच त्या नावाचे झाले, पण नाव म्हणून ते तसेच ठेवायचे.

संस्थांचे उलट असते. ज्यांचे मराठी नाव रूढ आहे तिथे तेच वापरा: भारतीय कापूस महामंडळ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. इथे आपल्या मनाने ‘रुई महामंडळ’ करायचे नाही, मग ते महामंडळ गाठी विकत असले तरी.

पायरी २: वाक्प्रचार ओळखा

ही पायरी लवकर उरकते, पण ती गाळली तर हसे होते. ‘कॉटन ऑन’ म्हणजे लक्षात येणे, उमगणे. ‘कॉटन टू’ हा अमेरिकी प्रयोग, म्हणजे एखादी व्यक्ती किंवा कल्पना पसंत पडणे. मुलाला ‘कॉटन वूलमध्ये गुंडाळून’ वाढवले असे इंग्रजीत असेल तर आपल्याकडे त्याला तयार शब्द आहेत: तळहातावरच्या फोडासारखे जपले. कापसाचा उल्लेख इथे आणायचे काहीच कारण नाही.

ओळख सोपी आहे. वाक्यातून ‘कॉटन’ हा पदार्थ उचलून हातात धरता येत नसेल, तर तो वाक्प्रचार.

पायरी ३: माल कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेत ते गाठ या प्रवासात चार-पाच अवस्था आहेत.

शेतात उभे पीक म्हणजे कपाशी. विदर्भात पऱ्हाटी म्हणतात, आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडे म्हणजे पऱ्हाट्या. ‘कॉटन स्टॉक्स’ला ‘कापसाचा साठा’ लिहिलेले मी पाहिले आहे. उच्चार सारखा असल्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याची ती चूक झाली होती. देठ असलेले ‘स्टॉक’ की साठ्याचे ‘स्टॉक’, हे इंग्रजी स्पेलिंगवरून कळते. शंका आली की मूळ बघा.

झाडाच्या भागांना शेतकऱ्याचे शब्द आहेत, तेच वापरा. ‘बोल’ म्हणजे बोंड. ‘स्क्वेअर’ म्हणजे पाते, चौकोन नव्हे. त्यामुळे ‘स्क्वेअर ड्रॉप’ला पातेगळ म्हणायचे. ‘बोलवर्म’ म्हणजे बोंडअळी आणि ‘पिंक’ असेल तर गुलाबी बोंडअळी. ‘पिकिंग’ला तोडणी किंवा काढणी नको, वेचणी हवे. ऊस तोडतात, ज्वारी काढतात, कापूस वेचतात.

बोंडातून वेचलेला, आत सरकी असलेला माल म्हणजे कापूस. इंग्रजीत याला ‘सीड कॉटन’ म्हणतात. भारतातल्या इंग्रजी कागदपत्रांत ‘कपास’ असेही येते. शेतकरी बाजारात आणतो तो हा, आणि हमीभाव जाहीर होतो तोही याचाच.

जिनिंगमध्ये सरकी वेगळी केल्यावर उरलेला तंतू म्हणजे रुई. इंग्रजीत ‘लिंट’ किंवा नुसतेच ‘कॉटन’. गाठी बांधतात त्या रुईच्या.

सरकी म्हणजे बी. ‘कॉटन सीड’. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण ‘सीड कॉटन’ आणि ‘कॉटन सीड’ यांत शब्द तेच आहेत, फक्त क्रम उलटा आहे. इंग्रजीत मुख्य शब्द शेवटी येतो. शेवटी ‘कॉटन’ असेल तर कापूस (सरकीसकट) आणि शेवटी ‘सीड’ असेल तर बी. हे एवढे एक वाक्य टेबलावर चिकटवून ठेवण्यासारखे आहे.

‘कॉटन सीड’चेही पुन्हा दोन अर्थ होतात. पेरायचे असेल तर ‘कपाशीचे बियाणे’, तेल काढायचे किंवा जनावरांना घालायचे असेल तर ‘सरकी’. काही भागांत बोलताना उभ्या पिकालाही सरकीच म्हणतात, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या मजकुरात तर ‘बियाणे’ हा शब्द सोडूच नका.

सरकीला जिनिंगनंतरही आखूड लव चिकटून राहते. तिला ‘लिंटर’ म्हणतात. ‘लिंट’ आणि ‘लिंटर’ एक नव्हेत, त्यामुळे लिंटरला रुई म्हणू नका. व्यवहारात ‘लिंटर’ हाच शब्द चालतो, तोच ठेवा.

आता अडल्यावर वापरायची किल्ली. अवस्था कळत नसेल तर क्रियापद बघा, कारण मराठीत प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे:

कपाशी लावतात, कापूस वेचतात, सरकी काढतात, रुईच्या गाठी बांधतात, सूत काततात, कापड विणतात.

इंग्रजी वाक्यात ‘पिक्ड’ असेल तर कापूस, ‘प्लँटेड’ असेल तर कपाशी, ‘बेल्ड’ असेल तर रुई, ‘स्पन’ असेल तर आत जाते ती रुई आणि बाहेर येते ते सूत. ‘जिन्ड’ असेल तर जरा थांबा. जिनिंगमध्ये जातो कापूस आणि बाहेर पडतात रुई व सरकी. ‘जिनिंग’ला ‘पिंजणे’ लिहू नका. पिंजणे हे सरकी निघाल्यानंतरचे काम आहे, तंतू मोकळे करण्याचे.

पडताळा: तुम्ही निवडलेला शब्द वाक्यात ठेवा आणि ‘यात सरकी आहे का?’ असे विचारा. उत्तर ‘हो’ आणि शब्द ‘रुई’ असेल, किंवा उत्तर ‘नाही’ आणि वाचक शेतकरी असून शब्द ‘कापूस’ असेल, तर पुन्हा बघा.

पायरी ४: एककाला विचारा

मजकुरात आकडे असतील तर एकक तुम्हाला शब्द सांगते.

भाव क्विंटलला असेल तर बहुतेक वेळा कापूस किंवा सरकी. खंडीला असेल तर रुई, कारण रुईच्या व्यापारातली खंडी म्हणजे ३५५.६२ किलो. आंतरराष्ट्रीय वायदेबाजारातला भाव सेंट प्रतिपौंड असा असतो, तोही रुईचाच. ‘कापसाचा भाव खंडीला इतका’ असे लिहिले की शेतकरी त्याच्या घरातल्या कापसाशी तुलना करतो आणि गोंधळतो.

उत्पादन गाठींत असेल तर रुई. भारतातली गाठ १७० किलोची धरतात, अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची. दोन देशांच्या गाठींचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवले आणि वजन लिहिले नाही, तर तुलना फसवी होते. गाठ कोणती ते तक्त्याखाली एका ओळीत सांगा.

उत्पादकतेच्या आकड्यावर मी दरवेळी थांबते. समजा मूळात ‘हेक्टरी ४५० किलो’ आहे. भारतातली अधिकृत उत्पादकता सहसा रुईत मोजतात. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असे धरले, तर ४५० किलो रुई म्हणजे १३०० किलोंहून अधिक, म्हणजेच सुमारे १३ क्विंटल कापूस. अनुवादात ‘हेक्टरी ४५० किलो कापूस’ असे गेले तर शेतकऱ्याला वाटते की एकरी दोन क्विंटलसुद्धा धड नाही, आणि तो संपूर्ण लेखावरचा विश्वास गमावून बसतो. तिथे ‘हेक्टरी ४५० किलो रुई’ लिहा आणि जमल्यास कंसात कापसातला अंदाज द्या.

‘कॉटन इयर’ला ‘कापूस हंगाम’ म्हणा. भारतात तो १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा धरतात. आर्थिक वर्षाशी त्याची गल्लत करू नका, ‘२०२३-२४’ असे नुसते लिहिले की वाचक एप्रिल ते मार्च समजतो.

आयात-निर्यातीचा कागद असेल तर सीमाशुल्काचे शीर्षक, म्हणजे त्या मालाला ठरवून दिलेला वर्गीकरणाचा आकडा बघा, तिथे शंकेला जागाच नसते. प्रकरण ५२ कापसाचे. ५२०१ म्हणजे न पिंजलेली रुई, ५२०२ कापसाचा टाकाऊ माल, ५२०३ पिंजलेली किंवा विंचरलेली रुई, ५२०४ शिवणाचा सुती दोरा, ५२०५ ते ५२०७ सूत, ५२०८ पासून ५२१२ पर्यंत विणलेले सुती कापड. सरकी या प्रकरणात नसतेच, ती तेलबियांत १२०७ खाली येते. सरकीचे तेल १५१२ आणि पेंड २३०६ खाली.

पायरी ५: सूत, दोरा आणि कापड

गिरणीच्या पुढचे ‘कॉटन’ क्वचितच कापूस असते.

‘कॉटन यार्न’ म्हणजे सूत. ‘कॉटन थ्रेड’ म्हणजे सुती दोरा. ब्रिटिश लेखनात नुसते ‘कॉटन’ म्हणजे शिवणाचा दोराही असतो. ‘अ रील ऑफ कॉटन’ला दोऱ्याचे रीळ म्हणायचे, कापसाची गुंडाळी नव्हे. शेजारी सुई, बटण, टाका असे काही असेल तर दोरा हा अर्थ पक्का समजा.

‘कॉटन मिल’ म्हणजे कापड गिरणी, ‘स्पिनिंग मिल’ म्हणजे सूतगिरणी. ‘कापसाची गिरणी’ असे कुणी म्हणत नाही.

‘फॉर्टीज कॉटन’ म्हणजे ४० काउंटचे सूत, चाळीस प्रकारचे कापूस नव्हेत. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा म्हणजे काउंट. ४० काउंट म्हणजे एका पौंडात ४० लडी, म्हणजे ३३,६०० यार्ड सूत. आकडा वाढला की सूत बारीक होते. ‘थ्रेड काउंट’ मात्र निराळे, तो कापडाच्या एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब असतो. चादरींच्या माहितीत थ्रेड काउंट येतो, सुताच्या माहितीत नुसता काउंट. दोन्हींना ‘धाग्यांची संख्या’ लिहिले की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

‘स्टेपल’ हा आणखी एक फसवा शब्द. ‘लाँग स्टेपल कॉटन’ म्हणजे लांब धाग्याचा कापूस. ‘स्टेपल’चा दुसरा अर्थ ‘मुख्य’ असा असल्यामुळे ‘दीर्घकालीन मुख्य कापूस’ अशी वाक्ये छापून येतात.

कापडासाठी विशेषण ‘सुती’: सुती साडी, सुती चादर. ‘कापसाची साडी’ नको, कानाला ती विणलेली वाटतच नाही. ‘कॉटनची साडी’ मात्र सगळे म्हणतात आणि गिऱ्हाइकासाठीच्या मजकुरात ते चालते. तिथे शुद्धतेच्या नावाखाली ओढाताण करू नये. एकच पथ्य पाळा: एका पानावर एकच. वर ‘कॉटन’, खाली ‘सुती’, मध्ये ‘सुताचे’ असे नको.

सावधान: ‘कॉटन रिच’, ‘कॉटन ब्लेंड’, ‘कॉटन फील’ यांपैकी कशाचाही अर्थ शुद्ध सुती असा होत नाही. ‘कॉटन ब्लेंड’ म्हणजे सूत आणि दुसरा धागा मिळून केलेले मिश्र कापड. ‘कॉटन फील’ म्हणजे फक्त स्पर्श सुतासारखा, त्यात सूत असेलच असे नाही. लेबलच्या अनुवादात ‘सुती’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे गिऱ्हाइकाला चुकीचे सांगणे.

खादीला सुतीचा प्रतिशब्द समजू नका. खादी म्हणजे हाताने कातलेल्या धाग्याचे, हातमागावर विणलेले कापड. ती रेशमाची आणि लोकरीचीही असते. ‘कॅलिको’ आले तर मजकूर कुठला ते बघा: ब्रिटिश असेल तर मांजरपाटासारखे कोरे जाडसर कापड, अमेरिकी असेल तर छोट्या नक्षीचे छापील, म्हणजे चीट.

पायरी ६: दवाखाना आणि घर

इथे पुन्हा ‘कापूस’ परततो. जखम पुसायचा, वातींचा, गादीचा, सगळा कापूसच, जरी शास्त्राने तो सरकी काढलेली रुई असला तरी. रुग्णासाठीच्या पत्रकात ‘रुईचा बोळा’ लिहू नका, ‘कापसाचा बोळा’ लिहा. ‘कॉटन वूल’ हा ब्रिटिश शब्द, त्याचाही अर्थ हाच कापूस. त्यात लोकर नसते. अमेरिकी लेखनात याच जागी नुसते ‘कॉटन’ येते.

‘कॉटन बड’ किंवा ‘कॉटन स्वॉब’ म्हणजे टोकाला कापूस गुंडाळलेली काडी. ‘कपाशीची कळी’ नव्हे. नेत्रविकाराच्या अहवालातले ‘कॉटन वूल स्पॉट्स’ म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर दिसणारे कापसासारखे पांढरे डाग. रुग्णाला समजावताना ‘सारखे’ हा शब्द गाळलात तर डोळ्यात कापूस गेला असे त्याला वाटेल. ‘कॉटन माउथ’ म्हणजे तोंडाला कोरड पडणे. हेच जोडून, एक शब्द म्हणून आले आणि मजकूर प्राण्यांचा असला, तर तो अमेरिकेतला एक विषारी साप आहे.

पायरी ७: जोडशब्द शेवटून वाचा

आता उरलेले जोडशब्द घ्या. नियम पायरी ३ मधलाच: शेवटचा शब्द ही वस्तू, आधीचे सगळे तिचे वर्णन.

‘ब्लॅक कॉटन सॉइल’मध्ये ‘काळी’ आहे ती माती, कापूस नव्हे. ‘काळ्या कापसाची माती’ हे बांधकामाच्या अहवालांत सर्रास आढळते. लिहायचे ते ‘कापसाची काळी माती’, आणि पाया खोदण्याबद्दलच्या मजकुरात नुसते ‘काळी माती’ पुरते, कारण तिथे मुद्दा ती भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते हा असतो.

‘कॉटन केक’ म्हणजे सरकीची पेंड. विदर्भातल्या वाचकासाठी ढेप. ‘कॉटन वेस्ट’ यंत्र पुसण्याच्या संदर्भात आले तर सुताचे गुंतवळ, गिरणीच्या ताळेबंदात आले तर टाकाऊ तंतू.

‘अपलँड कॉटन’ म्हणजे डोंगराळ भागातला कापूस नव्हे. गॉसिपियम हिर्सुटम या जातीचे ते व्यापारी नाव आहे, आपल्याकडे तिला अमेरिकन कापूस म्हणतात. ‘देशी’ म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम आणि हर्बेशियम या जाती. ‘अमेरिकन’ हे इथे जातीचे नाव आहे, अमेरिकेतून आलेल्या मालाचे नव्हे. आयातीच्या बातमीत म्हणून ‘अमेरिकेतून आयात केलेली रुई’ असे फोडून लिहा.

‘सिल्क कॉटन’ झाडांच्या यादीत असेल तर सावर. साड्यांच्या यादीत असेल तर रेशीम आणि सूत मिळून विणलेले कापड. ‘कॉटनवुड’ हे पॉपलरच्या जातीचे झाड आहे, कपाशीशी त्याचा संबंध नाही. ‘कॉटन कँडी’ म्हणजे म्हातारीचे केस.

पायरी ८: लिंग, सामान्यरूप, ऱ्हस्व-दीर्घ

शब्द बरोबर निवडूनही इथे घाण होते.

तो कापूस, ती कपाशी, ती रुई, ती सरकी, ते सूत, ते बोंड. ‘कापूस’च्या जागी नंतर ‘रुई’ घातली असेल तर आधीचे विशेषण आणि पुढचे क्रियापद दोन्ही बदलले का ते पाहा. ‘चांगला रुई आला’ अशी वाक्ये याच घाईतून येतात.

कापूस शब्दाला प्रत्यय लागताना ‘ऊ’ जातो: कापसाचा, कापसाला, कापसात. ‘कापूसाचा’ चूक. मात्र समासात मूळ शब्द तसाच राहतो: कापूस खरेदी, कापूस उत्पादक.

सूत दीर्घ, पण सुताचा, सुती हे ऱ्हस्व. ‘सूती’ ही हिंदीची सवय. आणि ‘सुत’ असे ऱ्हस्व लिहिले तर अर्थच बदलतो, ‘पवनसुत’मधला सुत म्हणजे मुलगा. ‘सूतगिरणी’त मात्र दीर्घ टिकतो.

हिंदी मसुद्यावरून काम करत असाल तर कपास म्हणजे आपला कापूस, बिनौला म्हणजे सरकी, आणि रूई म्हणजे रुई, पण आपल्याकडे ‘रु’ ऱ्हस्व.

सावधान: मराठीत रुई नावाचे झाडही आहे, मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती. तिचा कपाशीशी संबंध नाही. म्हणून ‘रुईचे पान’, ‘रुईचे फूल’ असे कधीही लिहू नका. पान, फूल, मूळ आले की ‘कपाशीचे’.

पायरी ९: मुद्रित वाचताना

तयारीत केलेली यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक खुणेपुढे निवडलेला मराठी शब्द लिहा. एकाच अर्थाला दोन शब्द पडलेत का ते या यादीत उभे वाचत गेले की लगेच दिसते. लेखात नाही दिसत.

आकडा असलेले प्रत्येक वाक्य वेगळे, मोठ्याने वाचा: वस्तू, आकडा, एकक. ‘रुई, १७० किलो, गाठ.’ ‘कापूस, १३, क्विंटल.’ तिन्ही जुळले तरच पुढे जा.

पेरणी, फवारणी, पशुखाद्य किंवा औषधोपचार यांबद्दलची सूचना असेल, तर ती त्या कामातल्या एका माणसाला वाचून दाखवा आणि ‘यावरून तुम्ही काय कराल?’ असे विचारा. ‘कळले का?’ असे विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. तो जे करून दाखवेल ते मूळ मजकुराशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर पायरी ३ वर परत या.